एका वसंतापुरता संघ: रॉमफर्ड ते कस्टम हाउस

लंडनच्या कस्टम हाउस स्टेशनवरून वीसेक मिनिटं चाललो आणि अ‍ॅटकिन्सन रोडची पाटी दिसली. मग क्रूम्ब्स रोड, विल्किन्सन रोड, लॉसन क्लोज, यंग रोड. विटांची साधी घरं, दारात उभ्या गाड्या. ही नावं आहेत स्पीडवेच्या मोटारसायकलस्वारांची. १९७२ पर्यंत इथे वेस्ट हॅम स्टेडियम होतं. मी मात्र आलो होतो वेस्ट हॅम बॉम्बर्स या तिथल्या अल्पायुषी स्पीडवे संघासाठी, आणि त्यांच्यातल्या कुणाच्या नावाची पाटी मला सापडली नाही.

स्पीडवे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लंबगोल मातीचा ट्रॅक, चार स्वार, चार फेऱ्या. ५०० सीसीचं एका सिलिंडरचं इंजिन, मिथेनॉलवर चालणारं, आणि गाडीला ब्रेक नाहीतच. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवत, डावा पाय जमिनीवर टेकवत गाडी काढायची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. मिनिटभरात शर्यत संपते. लहानपणी जत्रेत मौत का कुआँच्या कठड्याला धरून उभा राहायचो, तेव्हापासून मला या आवाजाचं वेड आहे.

तो आवाजच बॉम्बर्सच्या मुळावर आला. हा संघ मूळचा पूर्व लंडनमधल्या रॉमफर्डचा. १९६९ मध्ये तिथल्या ब्रुकलँड्स या फुटबॉल मैदानाभोवती त्यांनी ट्रॅक केला आणि ब्रिटिश लीगच्या दुसऱ्या विभागात उतरले. पण मैदान भर वस्तीत होतं. आवाजाची तक्रार कोर्टात गेली, मनाई आली आणि १९७१ नंतर रॉमफर्डमधलं स्पीडवे संपलं.

त्याच सुमाराला वेस्ट हॅम स्टेडियम रिकामं झालं होतं. तिथला मोठा संघ, हॅमर्स, १९६५चा ब्रिटिश लीग विजेता. १४ जुलै १९७० रोजी बेल्जियममध्ये लोकेरनजवळ त्यांच्या मिनीबसला अपघात झाला आणि व्यवस्थापक फिल बिशप व चार स्वार गेले. संघ पुढचा हंगाम खेळला, पण १९७२ साठी त्यांचा पहिल्या विभागात खेळायचा परवाना इप्सविच शहराच्या संघाने घेतला. स्टेडियम पाडून घरं बांधायचं ठरलेलं होतं. मधल्या काही आठवड्यांसाठी रॉमफर्डची मंडळी इथे आली आणि वेस्ट हॅम बॉम्बर्स झाली. मंगळवार, २३ मे १९७२ रोजी इथली शेवटची लढत झाली. लीगमधली त्यांची जागा पार उत्तरेकडच्या बॅरोने भरून काढली.

एका हंगामाचाही नाही, अर्ध्या वसंताचा संघ! एके काळी ८० हजारांवर माणसं जमलेल्या त्या अवाढव्य स्टेडियममध्ये ते खेळत होते, तेही ते पाडलं जाणार हे ठाऊक असताना. मला यात फार मोठी हिंमत दिसते.

आता जाणाऱ्यांसाठी. सकाळी रॉमफर्डपासून सुरुवात करा. तिथला बाजार १२४७ पासूनचा आहे. बुधवार, शुक्रवार किंवा शनिवारी गेलात तर तो भरलेला मिळेल. ब्रुकलँड्सच्या जागी आता घरं आहेत, अर्धा तास पुरे. नंतर एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपलला या आणि तिथे अ‍ॅबी वुडकडे जाणारी गाडी पकडून कस्टम हाउसला उतरा. बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, वेगळं तिकीट काढू नका. स्टेशनसमोरच एक्सेल हे प्रदर्शन केंद्र आहे, तेव्हा आयटीतल्या कुणाला तिथे परिषदेसाठी यावं लागलं तर संध्याकाळी ही फेरी सहज होईल. मोबाइलवर नकाशा उघडा ठेवा, कारण गल्ल्या आखूड आहेत आणि गोल फिरवतात. लोक तिथे राहतात, म्हणून घरांचे फोटो काढू नका, पाट्यांचेच काढा.

विल्किन्सन रोडवर जरा थांबा. ब्लूई विल्किन्सन हा ऑस्ट्रेलियन. १९३६ च्या जागतिक अंतिम फेरीत त्याने पाचही शर्यती जिंकल्या, तरी आधीच्या फेऱ्यांतल्या बोनस गुणांमुळे विजेतेपद लायोनेल व्हॅन प्राग याला गेलं. १९३८ मध्ये मोडक्या कॉलरबोननिशी उतरून त्याने ते मिळवलं. दोन वर्षांनी रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. यंग रोडचा जॅक यंग १९५१ आणि १९५२ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता.

पाट्या बघून पोट भरत नाही. खरं स्पीडवे पाहायचं तर एक मुक्काम वाढवा आणि इप्सविचला जा. हॅमर्सचा परवाना घेतलेलं हेच ते शहर, आणि तिथल्या फॉक्सहॉल स्टेडियमवर विचेस हा संघ आजही धावतो. लिव्हरपूल स्ट्रीटहून रेल्वेने सव्वा तास लागतो. हंगाम वसंतापासून शरदापर्यंत असतो आणि घरच्या लढती बहुधा गुरुवारी संध्याकाळी होतात. पावसाने लढत रद्द होते, म्हणून निघण्याआधी खात्री करा. पहिल्या वळणाच्या कठड्याशी उभे राहिलात तर लालसर खडी अंगावर उडते. जुने कपडे घाला, चष्मा लावा, मुलं बरोबर असतील तर कानाला कापूस द्या. स्टेडियम शहराबाहेर आहे. परतीची टॅक्सी आधीच सांगून ठेवा, नाहीतर लंडनची शेवटची गाडी चुकते.