सेंदाईच्या खाचरांखालची वाळू

"आत्या, यायचं तर भाताची कापणी झाल्यावर ये. तेव्हाच शेतात खणायला मिळतं," पुतणीनं फोनवर निक्षून सांगितलं होतं. ती जपानात सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात, त्सुनामीनं मागं टाकलेल्या गाळावर पीएच.डी. करते. मी गुहागरची, तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. खणायला मिळणार म्हटल्यावर मी नोव्हेंबरचं तिकीट काढलं.

सेंदाईच्या पूर्वेला समुद्रापर्यंत सगळी सपाट भातशेती. धसकटं उभी, बांध वाळलेले, वर निळंभोर थंड आकाश. क्षणभर आपल्याकडच्या दिवाळीनंतरच्या मळ्यात उभी आहे असंच वाटलं. समुद्र दोन-अडीच किलोमीटरवर, दिसत मात्र नव्हता.

तिथं त्यांनी एक लांबट, चपटा लोखंडी साचा यंत्रानं हादरे देत जमिनीत उतरवला. मग त्याच्या उघड्या बाजूवर झाकणासारखा दुसरा पत्रा सरकवला आणि दोन्ही एकदम वर ओढले. वडी पाडावी तसा जमिनीचा अखंड उभा काप बाहेर आला. पुतणीनं तो थापीनं हळूहळू खरवडून साफ केला. वर नांगरटीची माती, खाली काळपट, कुजकट वासाचा दलदलीचा चिखल. त्यात मध्येच पांढुरकी, बोटभर जाडीची रेघ. ती राख. तोवादा ज्वालामुखीचा इ.स. ९१५ मध्ये उद्रेक झाला, तेव्हा इथवर उडून आलेली. आणि राखेच्या लगेच खाली वाळूचा थर.

"बोट लाव, आत्या."

लावलं. गुहागरच्या पुळणीवर अनवाणी चालताना लागते तशीच वाळू. भातशेताच्या पोटात. अंगावर काटा आला.

इ.स. ८६९ च्या उन्हाळ्यात इथं मोठा भूकंप झाला. जपानी राजदरबाराच्या इतिवृत्तात त्याची नोंद आहे: माणसांना उभं राहता येईना, समुद्र मेघासारखा गर्जला, पाणी तागा नावाच्या गढीपर्यंत चढलं, होडीत बसायलाही उसंत मिळाली नाही आणि सुमारे हजार जण बुडाले. पुष्कळांना ही अतिशयोक्ती वाटे. याच विद्यापीठातले कोजी मिनौरा यांनी सहकाऱ्यांबरोबर हा वाळूचा थर अभ्यासला आणि नोंद खरी ठरली. नदीच्या पुरानंही वाळू येते, मग ही समुद्राचीच कशावरून? पुतणीनं एकेक खूण दाखवली. थराचा तळ सुरीनं कापल्यासारखा, कारण लाट आधी जमीन खरवडते. वाळूत खालच्या चिखलाची ढेकळं अडकलेली. आणि समुद्राकडून आत जावं तसा थर पातळ होत जातो.

मिनौरांच्या गटाला खाली असेच आणखी दोन थर मिळाले होते. म्हणजे तीन हजार वर्षांत तीन मोठ्या लाटा, ८०० ते ११०० वर्षांच्या अंतरानं. २००१ मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की शेवटच्या लाटेला ११०० वर्षं उलटून गेली आहेत, तेव्हा पुढची येण्याचा धोका मोठा आहे. नंतर इतर शास्त्रज्ञांनीही शेकडो ठिकाणी खणलं. सरकारी समितीचा अहवाल जाहीर होण्याच्या बेतात होता. त्याआधीच २०११ चा ११ मार्च उजाडला आणि ती लाट आली.

हे मला फार लागलं. समुद्रानं लिहून ठेवलेलं कुणी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलेलं गावापर्यंत पोचायला दिवस कमी पडले. गेलेली आणि अजून न सापडलेली माणसं १८ हजारांवर आहेत.

दुसऱ्या दिवशी मेट्रोनं आराईला आणि तिथून बसनं आराहामाला गेलो. तिथली चार मजली प्राथमिक शाळा जशीच्या तशी जपून ठेवली आहे. भूकंप दुपारी २:४६ ला झाला. लाट पोचली तेव्हाच्या वेळेवर, ३:५५ वर, व्यायामशाळेतलं घड्याळ थांबलं. मध्ये तासाहून जास्त वेळ होता. त्या वेळात मुलं, शिक्षक आणि गावकरी मिळून ३२० जण वर चढले. पाणी तळमजला भरून त्याच्या वरच्या मजल्यावरही घुसलं. वरच्या सगळ्यांना हेलिकॉप्टरनं बाहेर काढलं. शिक्षिका म्हणून मी तळमजल्यावरच्या त्या वर्गांत जास्त वेळ थांबू शकले नाही. शाळेभोवती आठशेच्या आसपास घरं होती. आता तिथं कुणाला राहायची परवानगी नाही. गवतातून जोती तेवढी दिसतात.

परतताना भराव घालून उंच केलेला द्रुतगती मार्ग लागला. त्या दिवशी दोनशेहून अधिक लोक त्यावर चढून वाचले आणि बऱ्याच भागात पाणीही या भरावापाशीच अडलं. त्याच्या पलीकडे एक लहानसं देऊळ आहे, नामिवाके नावाचं. नामि म्हणजे लाट, वाके म्हणजे दुभंगणं. १६११ च्या लाटेची आठवण त्या नावात आहे, असं मानतात. २०११ चं पाणी देवळापर्यंत पोचलं नाही. जुन्या तागा गढीच्या तागाजो गावात एका देवळामागं पाइनची टेकडी आहे. 'त्या टेकडीवरून लाट गेली तरच माझं मन बदलेल', अशा शपथा जुन्या जपानी कवितेतले प्रेमिक घेत. २०११ ला पाणी टेकडीच्या पायथ्याशी आलं, पण वर चढलं नाही.

संध्याकाळी झुंदा मोची खाल्ले. हिरव्या सोयाबीनचं गोड वाटण तांदळाच्या मऊ गोळ्यावर लावतात. चव पुरणाच्या जवळची. पुतणी बशी बाजूला सारून कागदावर रेघा ओढत मला तिचा प्रश्न समजावू लागली.

८६९ ची लाट किती आत आली, हे वाळू कुठं संपते त्यावरून ठरवलं होतं. त्यावरून भूकंपाचा अंदाज ८.४ च्या आसपास बांधला गेला. पण २०११ ला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काय झालं? वाळू समुद्रापासून तीनेक किलोमीटरवर थांबली आणि पाणी चारच्याही पुढं गेलं. त्या शेवटच्या पट्ट्यात नुसता चिखल बसला. हजार वर्षांनी तो ओळखू कसा येणार? म्हणजे जुनी लाटही वाळूच्या पुढं गेली असणार. नव्या गणितात ८६९ चा भूकंप किमान ८.६ चा निघाला. सगळा हिशोब करताना किनाराही तेव्हा किलोमीटरभर आत होता, हे धरावं लागतं.

मला आमची खाजणं आठवली. २८ नोव्हेंबर १९४५ ला आताच्या पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याजवळ भूकंप झाला, त्याची लाट मुंबईपर्यंत आली आणि माणसं दगावली. कोकणातल्या खाजणांतही असा साचा उतरवून बघायला हवा. मी तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "मग माझ्या सुट्टीत तू माणसं गोळा कर. शेतकऱ्यांची परवानगी तूच आणू शकशील."

शेवटच्या दिवशी आम्ही आणखी आत, एका बांधापाशी खणलं. काप बाहेर आला. काळा चिखल, पांढरी राख, पुन्हा काळा चिखल. वाळूचा कणही नाही. मला वाटलं, संपलं काम. पण तिनं राखेखालचा चिखल बोटभर उंचीच्या तुकड्यांनी कापला, प्रत्येक तुकडा वेगळ्या पिशवीत भरला आणि वर पेन्सिलीनं आकडे टाकले. खाऱ्या पाण्याची खूण डोळ्यांना दिसत नाही, पण मातीच्या रसायनात राहिली असेल, तर ती प्रयोगशाळेत सापडेल.

गाडीत जागा नव्हती. स्टेशन येईपर्यंत त्या पिशव्या मी मांडीवर धरून बसले होते.