सगळ्यांनी पाचपैकी पाच दिलेत, आता काय?

रेसिडेंट्सच्या, म्हणजे मेडिकल कॉलेजात एमडी-एमएस करणाऱ्या डॉक्टरांच्या, रिसर्च मेथडॉलॉजी वर्कशॉपचा फीडबॅक गोळा करायचं काम आमच्या पीएसएम (प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन) डिपार्टमेंटमध्ये माझ्या गळ्यात पडून बरीच वर्षं झाली, आणि खरं सांगते, वर्कशॉप घेणं त्यापेक्षा सोपंय.

या फील्डमध्ये नसलेल्यांसाठी थोडक्यात. एमडी-एमएसला आलेल्या प्रत्येकाला थीसिस करावाच लागतो, म्हणजे गाईड, सिनॉप्सिस (थीसिसचा आराखडा), एथिक्स कमिटी, मग केसेस गोळा करणं, मास्टर चार्ट (सगळ्या केसेसच्या माहितीचा एकच मोठा तक्ता), अ‍ॅनालिसिस, सगळं आलं. शिवाय एनएमसीच्या (नॅशनल मेडिकल कमिशनच्या) 2023 च्या पीजी नियमांत रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्स कंपल्सरी आहे. त्यासाठी बहुतेक जण आयसीएमआरच्या चेन्नईच्या एनआयई या संस्थेचा बीसीबीआर (बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च) करतात, तो एनपीटीईएल या सरकारी शिक्षण पोर्टलवर ऑनलाईन असतो, व्हिडिओ बघायचे, असाइनमेंट भरायच्या आणि शेवटी सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची. आणि कॉलेजचं स्वतःचं वर्कशॉप असतं ते वेगळंच.

आता या वर्कशॉपचा फीडबॅक सगळीकडे कसा घेतात ते सांगते. शेवटच्या दिवशी स्क्रीनवर क्यूआर कोड लावायचा, "फॉर्म भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही" अशी अनाउन्समेंट करायची, की जेवणाच्या लाईनीत उभ्या उभ्या एका हातात प्लेट आणि दुसऱ्या हातात मोबाईल धरून सगळे धडाधड पाच-पाच-पाच करत खाली स्क्रोल करतात. आणि सजेशनच्या चौकोनात "व्हेरी नाईस सेशन, थँक्यू सर". सेशन मी घेतलेलं असतं! मग त्याचा पाय चार्ट काढायचा, नव्वद टक्क्यांच्या वर एक्सलंट, नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाईलला लावायचा, अ‍ॅक्शन टेकन रिपोर्टमध्ये "फीडबॅक समाधानकारक" लिहायचं, विषय संपला.

मुलांना नावं ठेवायचा माझा अजिबात उद्देश नाहीये. नाईट करून आलेल्या, डोळे चुरचुरत असलेल्या जेआर वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या ज्युनियर रेसिडेंटला, तुम्ही "सेशन इन्फर्मेटिव्ह आणि इंटरेस्टिंग होतं का" असं विचारलंत तर तो दुसरं काय करणार? एक तर त्या एका प्रश्नात दोन प्रश्न आहेत, इन्फर्मेटिव्ह होतं पण कंटाळा आला असं कोणाला म्हणायचं असेल तर त्याने टिक कुठे करायची? डोनाल्ड कर्कपॅट्रिक नावाच्या माणसाने 1959 मध्येच ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या सांगून ठेवल्यात, आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, आणि शेवटी त्याने काही फरक पडला का. आपण सगळे पहिल्या पायरीवरच बसकण मारतो, आणि तीही जेवणाच्या लाईनीत.

प्री-पोस्टची, म्हणजे वर्कशॉपच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारायची, तर वेगळीच गंमत आहे. सुरुवातीला "मला पी व्हॅल्यूचा अर्थ सांगता येतो" याला मुलं बिनधास्त पाचपैकी चार देतात, कारण एमबीबीएसला पाठ केलेलं असतं की 0.05 च्या खाली आलं की सिग्निफिकंट. मग वर्कशॉपमध्ये खरा अर्थ ऐकल्यावर लक्षात येतं की अरे हे तर आपल्याला येतच नव्हतं, आणि पोस्टला तीन पडतात. कागदावर दिसतं की आम्ही शिकवल्यामुळे मुलं मागे गेली. याला रिस्पॉन्स शिफ्ट म्हणतात, मोजपट्टीच बदलते, आणि त्यावर उपाय साधा आहे, दोन्ही प्रश्न शेवटीच विचारायचे, "आज मागे वळून बघताना वर्कशॉपच्या आधी किती येत होतं असं वाटतं, आणि आता किती येतं". ही पद्धतही काही परफेक्ट नाही, शिकवणाऱ्याचं मन राखायला मुलं "आधी"चा आकडा मुद्दाम खाली टाकू शकतात, पण चाराचे तीन झालेले बघण्यापेक्षा बरी. आणि खरंच शिकले का हे बघायचं असेल तर मत कशाला विचारायचं, एखाद्या रिसर्च पेपरचा छोटा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट द्या आणि सांगा यात चूक शोध.

नाव न विचारणं म्हणजे अनॉनिमस, हा अजून एक गैरसमज. फॉर्ममध्ये नाव नाही पण ब्रँच आहे, वर्ष आहे, जेंडर आहे, म्हणजे ईएनटीची जेआर वन मुलगी, कॉलेजमध्ये एकच आहे की हो ती! तिच्या गाईडने तो रिपोर्ट वाचला तर? मुलांना हे बरोब्बर कळतं. त्यात फॉर्म उघडायला गुगल साईन-इन मागितलं की संपलंच, एकदाच भरता यावा म्हणून ते सेटिंग असतं, ईमेल गोळा करायचं सेटिंग वेगळं, पण हे कितीही समजावलं तरी कोणी विश्वास ठेवत नाही, आणि मी त्यांच्या जागी असते तर मीही ठेवला नसता. आता आम्ही फक्त सर्जिकल, मेडिकल आणि पॅराक्लिनिकल एवढंच विचारतो, आणि कुठल्याही गटात पाचपेक्षा कमी जण असतील तर तो गट वेगळा दाखवतच नाही. सर्टिफिकेटचा आणि फीडबॅकचा संबंध तोडला. उत्तरं निम्म्यावर आली, आणि एचओडी सरांना ते अजून रुचलेलं नाहीये.

पण खरा फरक पडला तो वेळ बदलल्यामुळे. वर्कशॉपच्या शेवटच्या दिवशी मुलांना काय अडणारे हेच माहीत नसतं, कारण अजून अडलेलंच नसतं ना! म्हणून आता सिनॉप्सिस सबमिट झाल्यावर विचारतो, आणि प्रश्न मोजून पाच. कुठल्या पायरीला सगळ्यात जास्त अडलात? तेव्हा कोणाला विचारलंत? वर्कशॉपमधलं काय वापरलंत? कुठलं काम स्वतः केलंत आणि कुठलं दुसऱ्याकडून करून घेतलंत? पुढच्या बॅचला काय आधी सांगायला हवं? इंग्रजी, मराठी, हिंदी, वाट्टेल त्या भाषेत लिहा म्हणून सांगितलं.

आणि मग जे आलं! सॅम्पल साईजच्या (अभ्यासात किती पेशंट घ्यायचे त्याच्या) सेशनला एक्सलंट देणाऱ्याच बॅचमधून कोणीतरी लिहिलं, "फॉर्म्युला कळला, पण त्यात टाकायचा पी कुठून आणायचा ते सांगितलंच नाही, आणि एल म्हणजे नक्की काय." हे मी नंतर सिनॉप्सिस चाळताना बघितलं. फॉर्म्युला आपला नेहमीचा, 4 पीक्यू भागिले एल स्क्वेअर. इथे पी म्हणजे पी व्हॅल्यू नव्हे, आजाराचं प्रिव्हॅलन्स (लोकांमधलं प्रमाण), क्यू म्हणजे 100 वजा पी, आणि एल म्हणजे उत्तरात किती चूक चालेल ते. समजा आजाराचं प्रिव्हॅलन्स 20 टक्के, म्हणजे पी 20 आणि क्यू 80. एल म्हणून सरळ 5 घेतला तर सॅम्पल येतं 256. तोच एल "पी च्या 5 टक्के" असा घेतला तर होतो 1, आणि सॅम्पल येतं 6400! एकाने खरंच 6400 काढून, घाबरून, गाईडला न सांगता शेवटी सीनियरच्या थीसिसमधला 100 चा आकडा उचलला होता. आता त्या सेशनला फॉर्म्युला कमी आणि "पी शोधा" जास्त असतं, लॅपटॉप उघडून प्रत्येकाने स्वतःच्या टॉपिकवरचा जुना पेपर काढायचा आणि त्यातला आकडा घेऊन तिथेच गणित करायचं.

चौथ्या प्रश्नाची उत्तरं मात्र अस्वस्थ करणारी. स्टॅट्स बाहेरून पैसे देऊन करून घेणार, असं अनेकांनी सरळ लिहिलं. ऐकून लोक लगेच आजकालची मुलं म्हणून सुरू होतात, पण आठवड्याच्या ड्युट्यांचा चार्ट समोर ठेवून मला सांगा यात डेटा अ‍ॅनालिसिस कुठे बसवायचं.

फॉर्मशिवाय एक बैठकही घेतो, जी मला स्वतःला जास्त आवडते. आमच्यापैकी कोणी तिथे बसत नाही, नुकताच पास झालेला एखादा एसआर (सीनियर रेसिडेंट) घेतो. उघड चर्चा ठेवली तर जेआर थ्री बोलतो आणि जेआर वन मान हलवतो, म्हणून नॉमिनल ग्रुप टेक्निक, आधी सगळ्यांनी गपचूप चिठ्ठीवर लिहायचं, मग एकेकाने एकच मुद्दा सांगायचा, बोर्डवर यादी करायची आणि शेवटी मतं द्यायची. चहा-समोसे आमच्याकडून.

यावेळी यादीत सगळ्यात वर आलेला मुद्दा वर्कशॉपबद्दल नव्हताच. "आम्हाला शिकवता ते ठीक, पण गाईडला कोण शिकवणार? तुम्ही एक सांगता, ते खोडून दुसरं लिहायला लावतात." हे जसंच्या तसं कॉलेज कौन्सिलमध्ये वाचलं, अर्थात डिपार्टमेंटचं नाव न घेता. थोडी शांतता, थोडी कुजबुज, आणि शेवटी गाईड्ससाठी एका शनिवारी दुपारी दोन तास द्यायचं ठरलं. बाहेर पडताना दोन प्रोफेसरांनी थांबवून विचारलं, मॅडम, एमएमसीचे (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचे) क्रेडिट पॉइंट्स मिळतील ना?