पंजा आधी कुणाचा होता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. प्रश्न बहुधा मतदान तोंडावर आलं की येतो: काँग्रेसचा पंजा म्हणे पूर्वी नागपूरच्या एका लाल पक्षाचा होता, खरं का? खरं आहे. मात्र तो पक्ष नागपूरचा नव्हता, नागपूरच्या माणसाच्या, कामगार पुढारी रा. स. रुईकरांच्या, नावाने ओळखला जाणारा होता. कागदोपत्री त्याचं नाव 'फॉरवर्ड ब्लॉक (रुईकर गट)'. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत ज्या चौदा पक्षांना देशभरासाठी चिन्हं मिळाली, त्यांत हा एक. काँग्रेसला बैलजोडी, डॉ. आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला हत्ती, आणि रुईकर गटाला हाताचा पंजा. त्याच यादीत फॉरवर्ड ब्लॉकचा 'मार्क्सवादी गट'ही होता, चिन्ह सिंह. एकाच नावाचे दोन पक्ष का, हे कळलं की पुढचं सगळं कळतं.

सुभाषबाबूंनी जानेवारी १९३९ मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत गांधीजींचे उमेदवार पट्टाभी सीतारामय्यांना १५८० विरुद्ध १३७७ मतांनी हरवलं, त्रिपुरी अधिवेशनात कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेनुसारच नेमावी असा ठराव करून त्यांचे हात बांधले गेले, एप्रिलच्या अखेरीस त्यांनी अध्यक्षपद सोडलं. ३ मेला फॉरवर्ड ब्लॉकची घोषणा झाली. तेव्हा तो पक्ष नव्हता. काँग्रेसमधल्या सगळ्या डाव्यांनी एकत्र बसावं म्हणून टाकलेली सतरंजी होती. समाजवादी, कम्युनिस्ट आणि रॉयवादी (मानवेंद्रनाथ रॉय यांचे अनुयायी) बसले खरे, पण काही महिन्यांतच एकेक करून उठले. मग जून १९४० मध्ये नागपूरला अधिवेशन भरलं आणि तिथे ब्लॉकने स्वतःला समाजवादी पक्ष म्हणवून घेतलं. ठराव होता सगळी सत्ता भारतीय जनतेच्या हाती देण्याचा. जुलैत सुभाषबाबू पकडले गेले, १९४२ मध्ये ब्लॉकवर बंदी आली.

अधिवेशनाला नागपूर का, हा उपप्रश्नही येतो. तर इथे कामगार चळवळीची तयार जमीन होती. एम्प्रेस मिल १८७७ पासूनची, पुढे मॉडेल मिल, आणि गिरणी कामगारांत रा. स. रुईकरांचं संघटन. ट्रेड युनियन काँग्रेस, म्हणजे कामगार संघटनांचा देशव्यापी संघ, १९२९ मध्ये नेहरूंच्या अध्यक्षतेखाली फुटली ती नागपुरातच. कामगारांच्या स्थितीची चौकशी करायला सरकारने नेमलेल्या व्हिटली आयोगावर बहिष्कार घालावा की नाही, यावरून. फुटलेल्यांची दिलजमाई झाली १९३८ मध्ये, तीही इथेच.

आता विचारसरणी. लोक 'सुभाषवाद' म्हणून मोकळे होतात, पण सुभाषबाबूंची मांडणी दोन टप्प्यांची होती. स्वातंत्र्य मिळेपर्यंत डावा म्हणजे इंग्रजांशी तडजोड न करणारा. मिळाल्यावर डावा म्हणजे समाजवादी. लढ्यात ही व्याख्या फार सोयीची होती, कारण कुठला समाजवाद हे उद्यावर टाकता येई. १९४७ ला तो उद्या उजाडला, आणि उत्तर द्यायला सुभाषबाबू नव्हते. त्याच वर्षी जानेवारीत बिहारमधल्या आरा इथल्या अधिवेशनात पक्ष मार्क्सवादाकडे झुकला. एका बाजूचं म्हणणं, वर्गलढा आणि शास्त्रीय समाजवाद सरळ स्वीकारा. दुसरी बाजू वर्गलढा नाकारत नव्हती, पण मार्क्सच्या नावाने शिक्का नको, सुभाषबाबूंचं नाव पुरे, असं म्हणत होती. १९४८ मध्ये फूट पडली. रुईकर आणि बिहारचे नेते शीलभद्र याजी या दुसऱ्या बाजूला. माझ्या मते भांडण तत्त्वाचं कमी आणि वारशाचं जास्त होतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हावड्याला हिंद मजदूर सभा हा कामगार संघटनांचा महासंघ स्थापन झाला; पहिले अध्यक्ष रुईकर, सरचिटणीस समाजवादी नेते अशोक मेहता. म्हणजे कामगार आघाडीवर रुईकर समाजवाद्यांच्या शेजारी बसलेच होते. पक्षाचं विलीनीकरण पुढे झालं, दिशा तेव्हाच ठरली.

बावन्नचं मतदान कसं होई तेही सांगतो, म्हणजे चिन्हाची किंमत कळेल. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी, नाशिकच्या छापखान्यात छापलेली, तिच्यावर कुणाचंही नाव नाही. आडोशाला जायचं, आपल्या चिन्हाची पेटी शोधायची, कागद आत सरकवायचा. खोट अशी, की कोरा कागद पेटीत न टाकता खिशात घालून बाहेर आणता येई आणि दुसऱ्याला देता येई. १९६२ मध्ये जवळपास सगळीकडे शिक्क्याची पद्धत आली, त्यामागे हेही एक कारण होतं.

निकालात लोकसभेला पंजाचं खातं उघडलं नाही. पश्चिम बंगाल विधानसभेत दोन जागा आल्या. राष्ट्रीय मान्यता टिकवायला तीन टक्के मतं लागत. सिंहाला टक्काभरही मिळाली नव्हती, पंजाला त्याहून कितीतरी कमी. दोघांची मान्यता गेली. रुईकर गट समाजवाद्यांच्या प्रजा समाजवादी पक्षात विरघळला. याजी पुढे काँग्रेसकडून राज्यसभेवर गेले. आज फॉरवर्ड ब्लॉक म्हणून जो पक्ष दिसतो, तो सिंहवाल्यांचा वंश. त्यांनीही २०२२ मध्ये झेंड्यावरचा विळा-हातोडा काढायचं ठरवलं. ज्या बाजूने मार्क्सच्या नावासाठी घर फोडलं, तिनेच!

आणि पंजा? काँग्रेसने तो रुईकरांकडून 'घेतला' हे काही खरं नाही. चिन्ह पक्षाच्या मालकीचं नसतं. मान्यता गेली की ते निवडणूक आयोगाकडे परत जातं. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली, इंदिरा गांधींच्या काँग्रेसचं तोवरचं चिन्ह गाय-वासरू गोठवलं गेलं आणि इंदिरा काँग्रेसच्या वाट्याला पंजा आला. महिनाभरातच महाराष्ट्रात विधानसभेची निवडणूक झाली. त्या पक्षाच्या ६२ जागा आल्या, बहुतेक विदर्भातून.