आठ त्रिक चोवीस, पण कोणता त्रिक?

३, ३, ८, ८ हे चार अंक प्रत्येकी एकदाच वापरून, बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि हवे तितके कंस यांच्या साहाय्याने २४ मिळवायचे, एवढेच हे कोडे आहे. मला मात्र त्याने दोन दिवस अक्षरशः झपाटून टाकले होते. ३ आणि ८ समोर दिसताच ‘आठ त्रिक चोवीस’ ओठांवर येते आणि तिथेच फसगत होते, कारण मग उरलेल्या ३ आणि ८ मधून ० किंवा १ काढावा लागतो, आणि तो काही केल्या निघत नाही.

उत्तर असे आहे: ८ ÷ (३ − ८ ÷ ३). आतला ८ ÷ ३ म्हणजे दोन पूर्णांक दोन तृतीयांश. तो ३ मधून वजा केला की एक तृतीयांश उरतो, आणि ८ ला एक तृतीयांशाने भागणे म्हणजे ८ ला ३ ने गुणणे. म्हणजे अखेरीस आठ त्रिक चोवीसच होतात, पण हा ३ दिलेल्या दोहोंपैकी नसून छेदातून वर आलेला असतो. हे लक्षात आले तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

तेव्हापासून मी अशी कोडी शेवटाकडून सोडवतो. १, ३, ४, ६ मधून २४ हवे असतील, तर ६ ला कशाने भागल्यावर २४ येतील, असे आधी विचारावे; उत्तर एक चतुर्थांश, आणि १ − ३ ÷ ४ म्हणजे नेमके तेवढेच.

१ ते ९ हे अंक क्रमाने मांडून, मधल्या आठ जागी अधिक, उणे किंवा काहीच न लिहिता १०० मिळवण्याचे जुने कोडे मला याहूनही प्रिय आहे. प्रत्येक जागी तीन पर्याय असल्यामुळे एकूण ६५६१ मांडण्या होतात आणि त्यांपैकी केवळ ११ मांडण्यांतून १०० येतात. १२३ − ४५ − ६७ + ८९ ही त्यांतली सर्वांत देखणी. नुसत्या अधिक चिन्हांनी हे कधीच जमणार नाही, कारण नऊ अंकांची बेरीज ४५ असल्यामुळे येणारी संख्या नेहमी ९ च्या पटीत राहते आणि १०० ला ९ ने भागल्यास १ उरतो. त्यामुळे उणे चिन्हाखाली जाणाऱ्या अंकांची बेरीज ४, १३, २२ किंवा ३१ अशीच, म्हणजे ९ ने भागल्यास ४ उरेल अशी, असावी लागते. वरच्या मांडणीत ४, ५, ६ आणि ७ यांची बेरीज २२ भरते.

चार वेळा ४ वापरून संख्या बनवण्याचा खेळही प्रसिद्ध आहे. त्यात वर्गमुळावर वर्गमूळ आणि लघुगणक यांना मुभा दिली की कोणतीही नैसर्गिक संख्या एकाच साच्यात बसते आणि शोधायला काही उरतच नाही. म्हणून मी चार मूलभूत क्रियांच्या पलीकडे जात नाही.

ज्यांना हात आजमावायचा असेल त्यांनी १, ५, ५, ५ मधून २४ काढून पाहावेत. शेवटची क्रिया गुणाकाराची आहे, आणि वाटेत ४.८ भेटले तर ती वाट सोडू नये.