तुम्ही विचारलंत म्हणून: क्वेस्ट घेऊ की पिको?

क्वेस्ट आणि पिको म्हणजे डोळ्यांवर चढवून आभासी जगात खेळायचे व्हीआर हेडसेट; क्वेस्ट फेसबुकवाल्यांचा. मॉडेलं बदलतात, प्रश्न तोच. त्याला शेपूटही ठरलेलं: ‘मक्तेदारीवर एवढी भाषणं ठोकायचास, मग तुझ्या घरी क्वेस्ट कसा?’ स्टुटगार्टच्या आमच्या मराठी कंपूत तर हा आता चेष्टेचा विषय झालाय. एकदाच सांगून टाकतो.

2020 मध्ये क्वेस्ट 2 आला, तो फेसबुक खात्याच्या सक्तीसकट. जर्मनीत तो विकायलाच नव्हता. डिसेंबरात इथल्या बुंडेसकार्टेलआम्टने, म्हणजे मक्तेदारीवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाने, चौकशीही लावली. लोक फ्रान्सहून मागवायचे. मी नाही मागवला. खेळायला बसताना फेसबुकला हजेरी कशाला द्यायची, हे माझं तेव्हाचं म्हणणं. आजही तेच आहे.

2022 च्या ऑक्टोबरात पिको 4 घेतला, 429 युरोला. बॅटरी डोक्यामागे, त्यामुळे सगळा भार नाकावर येत नाही. भिंगं पातळ, चित्र कडेपर्यंत स्वच्छ. वस्तू म्हणून क्वेस्ट 2 पेक्षा सरसच, हे छातीठोकपणे सांगतो. मालक बाइटडान्स, टिकटॉकवाले, हेही मान्य. ‘म्हणजे पाळत ठेवणारा फक्त बदललास,’ असं मेहुणा म्हणाला, त्यावर मी बरंच लांबलचक काहीतरी बोललो होतो.

मग नाताळची सुट्टी. पुण्यात भाच्यांकडे त्यांच्या काकाने अमेरिकेहून आणलेला क्वेस्ट 2. सगळ्यांनी मिळून बीट सेबर हा गाण्याच्या तालावर ठोकळे कापायचा व्हीआर खेळ ऑनलाइन खेळायचं ठरवलं. लेक तेव्हा चौदाची. तिने पिको चढवला, मागची चकती फिरवून पट्टा आवळला, स्टोअर उघडून नाव टाकलं. नाही. स्पेलिंग बदलून पुन्हा टाकलं. स्पीकरवरून भाची विचारतेय, ‘आलीस का गं?’ मी समजावायला लागलो: हा खेळ बनवणारी प्रागची कंपनीच 2019 मध्ये फेसबुकने विकत घेतली, आपल्याकडे दणकट पीसी असता तर जोडून खेळता आलं असतं, वगैरे. कंट्रोलर मनगटाच्या दोरीला लोंबकळत सोडून ती म्हणाली, ‘बाबा, ते थांबलेत ना माझ्यासाठी.’ थोड्या वेळाने तिकडे त्यांनी सुरू केलं. फोनवर त्यांचा आरडाओरडा ऐकू येत होता आणि ही हेडसेट न काढता तशीच उभी.

तत्त्वं माझी, भुर्दंड तिला का?

‘अरे, हाच तर त्यांचा डाव!’ 2020 मधला मी ओरडतो. खरंय त्याचं. खेळ बनवणाऱ्यांनाच विकत घ्या, मग पोरं एकमेकांना ओढून आणतात. मेटाच्या, म्हणजे नाव बदललेल्या फेसबुक कंपनीच्या, व्हीआर विभागाचा 2022 चा तोटा 13 अब्ज डॉलरच्या वर. एवढं सोसून टिकणार कोण? त्याच वर्षी दोन वर्षं जुन्या क्वेस्ट 2 ची किंमत त्यांनी 100 डॉलरने वाढवली. व्हीआरमधलं व्यायामाचं ॲप बनवणाऱ्या विदिन या कंपनीची खरेदी रोखायला एफटीसी, म्हणजे मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी अमेरिकेची सरकारी संस्था, कोर्टात गेली, तिथेही मेटाचीच सरशी. हे सगळं मला पाठ आहे. तरी फेसबुकची सक्ती उठून जर्मनीत विक्री सुरू झाल्यावर मी क्वेस्ट घेतला. मेटा खातं म्हणजे फेसबुक खातं नव्हे, असं लोकांना ठणकावतो. स्वतःशी बोलताना आवाज जरा उतरतो.

सिनेमेच बघायचे असतील तर पिको घ्या. पोरांसाठी हवा असेल तर त्यांच्या दोस्तांकडे काय आहे ते आधी विचारा. आणि मला टोमणे मारायचेच असतील तर खुशाल मारा, फक्त व्हॉट्सॲपवरून नको.