गूळ उलटा का वागतो?

सहावीला पदार्थाच्या अवस्था शिकवताना माझा सरंजाम ठरलेला: थर्मासमधून आणलेला बर्फ, स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र. बर्फ वितळला, पाणी उकळलं. मी फळ्यावर लिहिलं, 'उष्णता दिली की स्थायूचा द्रव होतो, द्रवाचा वायू.' मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमच्यात उलटं असतंय. रस तापवला की गूळ होतोय. मी रोज बघतोय की."

बोलणाऱ्या पोरीच्या घरचं गुऱ्हाळ. करवीर तालुक्यातली आमची शाळा. निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. "ते वेगळं असतं," म्हणून मी वेळ मारून नेली. तिला पटलं नाही. मलाही नाही.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तिच्याच गुऱ्हाळावर गेलो. पोरांना काहिलीपासून, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईपासून, लांब उभं केलं आणि काठीला बांधलेली तापमापी मीच रसात धरली. चुलवाणात चिपाडं पेटलेली, भेंडीच्या पाण्याने वर आलेली मळी काढणं चाललेलं. रस उकळू लागला तरी पारा शंभराच्या जरा खालीच. (कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच, इथं साधं पाणीही ९८ च्या आसपास उकळतं.) मग पारा हलेचना. वाफेचे लोट मात्र थांबत नव्हते. रसात शंभरातले ऐंशी भाग पाणीच, सगळा जाळ ते घालवण्यात चाललेला. पाणी कमी होत गेलं तसा पारा सरकू लागला. १०४, १०७... आणि ११० ला शाळेची तापमापीच संपली! घाईघाईने बाहेर काढली.

"अजून काकवीच हाय की बाई," गुळव्या हसला. त्याने जरासा पाक गार पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळून पाहिली. मान हलवली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा ओरडला, "उतरा!" पुस्तकात याला ११८ अंशांच्या आसपास म्हणतात, त्याला आकड्याची गरजच नव्हती.

वाफ्यात, म्हणजे गार करायच्या पसरट भांड्यात, ओतला तेव्हाही पाक वाहतच होता. ढवळता ढवळता, गार होता होता धरला.

"म्हंजे जाळ पाणी घालवायला," ती पोरगी म्हणाली, "आन् घट्ट गार झाल्यावर. बर्फासारखंच की!"

गुळव्याने सगळ्यांच्या हातावर कोमट गूळ ठेवला. तिने तोंडात टाकला. "बाई, परत पातळ झाला."

"वितळला का विरघळला?"

"बाई, खाऊ द्या की आता."