एवढ्याशा रानात बघायचं काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी हा विषय मी आपणहून काढत नाही, कारण काढला की मला थांबता येत नाही. प्रश्न नेहमीचाच असतो: लंडन झालं, केंब्रिज झालं, आता हे चिखलातून चालवत कुठलं रान दाखवायला नेतेस? वाघ नाही, डोंगर नाही, साधा धबधबा नाही. बघायचं काय त्यात?

रानाचं नाव ब्रॅडफील्ड वुड्स. सफक परगण्यात, बरी सेंट एडमंड्स गावाच्या आग्नेयेला. क्षेत्र साधारण 70 हेक्टर, म्हणजे पावणेदोनशे एकरांच्या आतबाहेर. आमच्या वाळव्याकडे एवढी जमीन एकेका भावकीत वाटलेली असते. चहूकडे शेतं आणि मध्ये झाडोऱ्याचा एक पट्टा. रस्त्यावरून गाडी जाताना पाहिलंत तर नजर ठरायचीसुद्धा नाही.

बघायचं ते हे, की हे रान निदान 1252 पासून तोडत आलेत आणि तरी ते आहे. तेराव्या शतकात ते बरीच्या ख्रिस्ती मठाच्या मालकीचं होतं आणि तोडणीच्या नोंदी तेव्हापासूनच्या आहेत. 1539 मध्ये आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत मठ मोडीत निघाला, मालक बदलले, तोडणी चालूच राहिली. आता ते सफक वाइल्डलाइफ ट्रस्टकडे आहे आणि दर हिवाळ्यात रानाचा एकेक तुकडा अजूनही तोडतात. इंग्रज याला कॉपिसिंग म्हणतात. हेझेलचं झाड जमिनीलगत कापायचं, बुडख्यातून धुमारे फुटू द्यायचे, सात-दहा वर्षांत मनगटाएवढ्या सरळसोट काठ्या तयार झाल्या की पुन्हा कापायचं. ॲश झाडाला याहून जास्त वर्षं देतात. मधे मधे ओक मात्र उभे ठेवतात, ते घरांच्या तुळयांसाठी.

हे मी दरवेळी समजावून सांगते आणि दरवेळी पाहुणे मान डोलावतात, कळलेलं नसतं. न सांगता कळलं ते फक्त मामांना. मामा जन्मभर ऊस लावणारा माणूस. नुकत्याच तोडलेल्या तुकड्यापाशी ते थांबले, चालायची काठी माझ्याकडे दिली, उकिडवे बसले आणि एका बुडख्याच्या कापावरून अंगठा फिरवला. काप तिरका होता, पाणी साचू नये म्हणून बाहेरच्या बाजूला उतरता. कडेने तांबूस डोळे फुगायला लागले होते.

"हा तर खोडवा की गं!" मामा म्हणाले. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटणारं पीक. "आणि कापणाऱ्याला अक्कल आहे. बुडाला लावून कापलंय. आमची टोळी असती तर वीतभर वर ठेवून गेली असती."

मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मला त्याआधी कुणी विचारला नव्हता. ऊस दुसऱ्या-तिसऱ्या खोडव्याला दमतो, उतारा पडतो, मोडून नवी लागण करावी लागते. हे झाड कसं दमत नाही?

दमत नाही, उलट जास्त जगतं. न तोडलेलं हेझेल सत्तर-ऐंशी वर्षांत आटोपतं, तोडत राहिलेलं काही शतकं टिकतं. खाली मुळं जुनी आणि मुरलेली, वर फूट कायम कोवळी. जड खोड, वाऱ्याने मोडणाऱ्या फांद्या, आतून पोखरणं ही म्हातारपणाची दुखणी तिथवर पोचूच देत नाहीत. याच रानात ॲशचा एक बुडखा आहे, खरं तर बुडख्यांचं कडं. बाहेर बाहेर फुटत तो पाच मीटरहून रुंद झालाय आणि मधलं लाकूड कधीच कुजून गेलंय. इंग्लंडच्या रानांचा इतिहास ज्यांनी पायी फिरून उकलला ते केंब्रिजचे ऑलिव्हर रॅकहॅम याचं वय किमान हजार वर्षं धरत. मामांना तो दाखवला तर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, थापा मारतेय का म्हणून. दिसायलाही तो काही भव्य नाही. शेवाळलेलं, वेडंवाकडं वर्तुळ, त्यातून उभे सोट. फोटोत तर काहीच येत नाही.

पुण्याहून आलेली एक मैत्रीण मात्र इथे चिडली. आपल्या देवराईत वाळकी काटकी उचलत नाहीत आणि यांनी सगळं तोडून मोळ्या बांधून ठेवल्यात, याला राखलेलं रान म्हणायचं? तिचं चूक नाही. पण देवराई देवाच्या धाकावर टिकली, हे रान टिकलं गिऱ्हाइकावर. काठ्यांना मागणी होती. सफकमधल्या जुन्या घरांत ओकचा सांगाडा असतो आणि मधल्या भिंती चक्क कुडाच्या: काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, गवताचा गिलावा. रानापासून जवळच्या लॅव्हनम गावात अशी घरं रांगेने उभी आहेत. त्याखेरीज जळण, मेंढ्यांच्या वाड्यांचे ताटवे, छपरं शाकारायच्या खुंट्या. पुढे कोळसा आला, तारांची कुंपणं आली आणि इंग्लंडभर ही तोडणी बंद पडत गेली. इथे पडली नाही, कारण शेजारच्या लिटल वेल्नेथममध्ये दाताळ्यांचा कारखाना होता आणि त्याला दांडे लागत.

ज्या रानांचा उपयोग संपला त्यांचं काय झालं, तेही इथेच दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर धान्य पिकवायच्या घाईत जुनी रानं मुळासकट उपटून शेतं केली गेली. ब्रॅडफील्डचाही मोठा तुकडा 1960 च्या दशकात असाच गेला. आजूबाजूच्या लोकांनी आरडाओरडा केला म्हणून उरलेलं वाचलं. मला विचाराल तर कुऱ्हाडीने या रानाला कधी धोका नव्हता, धोका नांगराचा होता.

आता फुलांबद्दल, कारण बहुतेकांना तेवढंच ऐकायचं असतं. तोडणीनंतर जमिनीवर ऊन पडतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या वसंतात तो तुकडा नुसता फुटून येतो. पांढरी वुड ॲनिमोनी ऊन असेल तरच उघडते, ढग आला की मिटते. ब्लूबेल सगळ्यांना माहीत असते. मी जाते ऑक्सलिपसाठी. फिक्या पिवळ्या फुलांचा झुबका, सगळी फुलं एकाच अंगाला कललेली. इंग्लंडमध्ये ती जवळजवळ फक्त सफक, एसेक्स आणि केंब्रिजशर जिथे मिळतात त्या चिकणमातीच्या पट्ट्यातच होते. ही फुलं सावकाश पसरतात, जुन्या रानाच्या बाहेर सहसा पाऊल टाकत नाहीत. त्यामुळे जाणकार माणूस कागद न बघताही रानाचं वय ओळखतो. या रानात साडेतीनशेहून जास्त जातींच्या वनस्पतींची नोंद आहे.

जनावरं म्हणाल तर डॉरमाऊस हा गोंडेदार शेपटीचा, तांबूस सोनेरी चिमुकला जीव इथे राहतो. पण तो रात्रीचा हिंडतो आणि हिवाळाभर झोपतो, तेव्हा आशा ठेवू नका. दिसेल ते मंटजॅक. आपल्या सह्याद्रीतल्या भेकराचं हे चिनी भावंड, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका उमरावाच्या बागेत आणलेलं आणि तिथून सुटून देशभर झालेलं. भुंकतंही तसंच. मामांनी आवाज लगेच ओळखला आणि "पिकात घुसत असणार" म्हणाले. घुसतंच. ऑक्सलिपची फुलं आणि बुडख्यांची कोवळी फूट हे त्याचं आवडतं खाणं. म्हणून नव्या तोडीला कुंपण घालावं लागतं. पूर्वी लांडगे होते, आता ते काम तार करते.

खरी चिंता वेगळीच आहे. 2012 मध्ये ॲशच्या झाडांवर एक बुरशीचा रोग ब्रिटनमध्ये सापडला आणि पूर्वेकडच्या या भागाला त्याचा तडाखा लवकर बसला. शेंडे वाळत येतात, फांद्या मरतात. काही झाडं तग धरतात, म्हणून सरसकट काढून टाकत नाहीत. मामांनी विचारलं, फवारणी नाही का? रानभर फवारणार कशी?

तर यायचं असेल तर एप्रिलच्या मध्यापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत या. बरीपर्यंत रेल्वे आहे, पुढे माझी गाडी. गमबूट लागतीलच. खालची चिकणमाती पाणी धरून ठेवते आणि साध्या बुटांचा तळवा ओढून घेते. तुमच्या पायाचं माप कळवा, गॅरेजात दोन-तीन जोड पडलेत. आणि येताना घेवड्याचं चांगलं बी आणा. या रानातल्या काठ्या विकत मिळतात आणि माझ्या परसात त्यांचा मांडव घातलाय, पण इथलं बी काही जोर धरत नाही.